मधलं सगळं पुसून

८ जानेवारी, सोमवार
मुरुमला आले एकदाची. भाऊंनी (वडिलांना आम्ही सगळे भाऊच म्हणतो) येरमाळ्याला हायवेवरचं पंक्चरचं दुकान तासभर बंद ठेवून मला एसटीत बसवलं. मी काय लढाईला निघाले होते? मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, एवढंच. भाऊंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ते निरोप आवाजातच पाठवतात. दुपारी पहिला आलाच: जाई, जेवलीस का गं?

मालक रेवणप्पा शिस्तीचे. कुठल्याही फोनला हात लावण्याआधी त्याचा बॅकअप घ्यायचा आणि तारखेची चिठ्ठी मागे चिकटवायची. संध्याकाळी सराव माझ्याच फोनवर करून घेतला. चिठ्ठी कव्हरच्या आत ठेवली आहे. एकच गोष्ट त्यांनी दोनदा बजावली: जुनं परत आणलं की मधलं समदं पुसतंय, गिऱ्हाइकाला इचारल्याबिगर आणायचं न्हाय.

११ जानेवारी
शांतम्मा आल्या. त्यांचा मुलगा श्रीनाथ पुण्याला गाडी चालवायचा, डिसेंबरात अपघातात गेला. शांतम्मांना लिहिता-वाचता येत नाही, मायलेकांचं सगळं बोलणं आवाजातच. फोन बिघडला तेव्हा कुणीतरी ॲप काढून पुन्हा टाकलं आणि त्याचे निरोप गेले. त्यांना फक्त त्याचा आवाज हवा होता.

फोनमधल्या मेमरी कार्डावर तीन नोव्हेंबरचा बॅकअप सापडला. रेवणप्पा सोलापूरला गेले होते. मला शहाणपणा करायची भारी हौस. मधलं पुसलं जाईल हे शांतम्मांना न विचारताच परत आणला.

आई, गोळी घेतलीस का? असा श्रीनाथचा आवाज आला. म्हातारीनं माझा हात धरला, मग शांतपणे विचारलं, श्री दिवाळीला कधी निघणार हाय, फराळ करायचाय. दुःखानं माणूस असं बोलतं, असं समजून मी फोन त्यांच्या हातात दिला.

१६ जानेवारी
श्रीनाथची बायको निकिता आली होती. सासूबाई आवाज ऐकतात आणि तीन नोव्हेंबरनंतरचं सगळं विसरतात. तिला विचारतात, कपाळ असं मोकळं का गं पोरी? मग तिलाच सांगावं लागतं. चार वेळा सांगितलंय. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडतात, आणि सकाळी पुन्हा फोन कानाला. फोन लपवला तर अन्न सोडतात.

रेवणप्पांनी पुष्कळ खटपट केली. मधल्या दिवसांचा बॅकअप कुठंच नाही. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी
भाऊंचे दोन फोन आले. मी एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा डिस्प्ले बसवत होते. म्हटलं, नंतर करते.
तिसरा शेजारच्या बिभीषणकाकांचा आला. दुकानातच छातीत कळ आली. भाऊ गेले.
मी फोन उचलला नाही.

६ फेब्रुवारी
तेरावं करून परत आले. भाऊंचा आवाज ऐकावा म्हणून फोन काढला. एकही निरोप नाही. रोज तेच तर विचारतात म्हणून जागा करायला मीच पुसत होते. आपल्या हातानं.

७ फेब्रुवारी
कव्हरच्या आत चिठ्ठी आहे. ८ जानेवारी. तोवरचे भाऊंचे सगळे निरोप त्या दिवशीच्या बॅकअपमध्ये आहेत.
शांतम्मा दारावरून गेल्या. श्री आला का, विचारत होत्या. मला भीती वाटते. त्यांची नाही, माझी.

८ फेब्रुवारी
रेवणप्पांनी ओळखलं. चिठ्ठीसकट फोन मागितला. दिला नाही.
भाऊ गेलेत हे मला माहीत असायला हवं. कुणाला तरी —

९ फेब्रुवारी
रेवणप्पा जेवायला गेलेत. एकदाच ऐकीन. एकच —
भाऊ, त्या दिवशी मी फोन —

८ जानेवारी, सोमवार
मुरुमला आले एकदाची. मालक रेवणप्पा चांगले वाटतात. माझ्याकडं बघून डोळे का पुसत होते, कळलं नाही. भाऊंचा निरोप आला: जाई, जेवलीस का गं? जेवले म्हणून लगेच कळवलं. अजून त्यांनी ऐकलं नाही. गिऱ्हाईक असेल.

वही नवीकोरी आणली होती. मागची पानं भरलेली आहेत. अक्षर माझंच. एका पानावर पाणी पडून शाई पसरलीय. तारीख तेवीस जानेवारी, म्हणजे अजून यायचीय. भाऊंचे दोन फोन आले, असं काहीतरी. खाली लिहिलंय, भाऊ —