कल्याण मल्लोत्तेजक मंडळीची पहिली जोड

मुक्काम कल्याण, फाल्गुन वद्य पंचमी, शके १८०८

तीर्थस्वरूप राजश्री अप्पामामा यांचे चरणी भाचा श्रीपाद याचे साष्टांग नमस्कार. येथे देवदयेने आम्ही सर्व सुखरूप आहोत (या शब्दाचा खुलासा पुढे ओघाने येईल). साताऱ्याकडील थंडी आता सरली असेल. तेव्हा आपला दमा कसा आहे? झोप लागते ना? जिना चढताना धाप लागते काय? ही चौकशी मी पत्राच्या शिरस्त्याप्रमाणे करीत नसून मला उत्तराची खरोखर निकड आहे.

आपण तरुणपणी तांबड्या मातीत खेळलेले, म्हणून आमच्या मल्लोत्तेजक मंडळीची हकीकत प्रथम आपणांसच कळवितो. (मध्ये अक्षर वाकडे दिसल्यास क्षमा असावी. ओसरीवर कोणी दंड काढीत असून प्रत्येक दंडासरशी दौत हलते. तो कोण, हेही पुढे येईल.) माझा मूळ सिद्धांत असा. नाटकमंडळ्या पात्रे पारखून नेमतात, भूमिका विचारपूर्वक वाटतात आणि हस्तपत्रके छापून गावोगाव डंका पिटतात. कुस्तीचे काय? जत्रेत येईल तो पैलवान हात वर करून आखाड्यात फिरणार, पंच डोळ्यांनी अदमास घेऊन दोघांचे हात एकमेकांत देणार, आणि जोड विजोड निघाली तर नारळ फुटावा तशी कुस्ती क्षणात निकाली. बाजारात म्हैस घेतानासुद्धा लोक याहून बारकाईने पाहतात! तेव्हा नेमणूक, जोड आणि प्रसिद्धी ही तिन्ही अंगे शास्त्रशुद्ध पायावर उभारावी, असे मी आमच्या श्वशुरांस, म्हणजे भाऊंस, सविस्तर समजावून दिले. ते समजावणे संपावे म्हणून त्यांनी अध्यक्षपद पत्करले.

नेमणुकीसाठी मी ठाण्यास खोपटाकडील तालमीत गेलो. तिचे वस्ताद गोविंदा हे साठीचे गृहस्थ असून त्यांची मान व खांदे यांमधील सीमारेषा मला शेवटपर्यंत सापडली नाही. मी तांबडी सुतळी नेली होती. तिने प्रत्येक पठ्ठ्याची छाती, दंड व मांडी मापली. आहार विचारला, निद्रा विचारली, शेवटी थोडी तोंडी परीक्षाही घेतली (शाळेतील सवय, दुसरे काय). जोडीचे तत्त्व तर उघडच होते. दोन्ही मल्ल वयाने, वजनाने, आहाराने व शिक्षणाने जितके समान, तितकी कुस्ती रंगणार. शोधता शोधता भिवा व धाकू हे दोघे असे सापडले की एकाची सुतळी दुसऱ्यास तंतोतंत बसे. दोघे खडवलीचे, एका वयाचे; लहानपणापासून एकाच तालमीत एकच दूध प्यालेले. यापरते साम्य कोठे मिळणार? गोविंदा वस्ताद "मास्तर, तुमाला शिकलेल्यांना जास्त कळतं," एवढेच बोलले. मी तो गौरव समजलो.

प्रसिद्धीचे काम मी स्वहस्ते केले. हस्तपत्रकात लिहिले की भिवा व धाकू हे जन्मवैरी असून एकाचे नाव कानी पडताच दुसरा दात खातो, आणि कल्याणजवळील मोहने गावच्या आखाड्यात या वैराचा निकाल लागणार आहे. मामा, पत्रक फार उत्तम उतरले होते. पंचक्रोशीतून गाड्या जुंपून माणसे आली. मामलेदारसाहेबांची खुर्ची नदीच्या अंगाला मांडली होती. शेजारी आमचे हेडमास्तर, आणि मंडळीचे भवितव्य मामलेदारांच्या मर्जीवर टांगलेले.

हलगी वाजली. भिवा आणि धाकू एकाच घोंगडीवर बसून एकाच पानातले गूळ-खोबरे खात होते. दोघांसही अक्षरओळख नसल्याने पत्रक त्यांस कोणी वाचून दाखविलेच नव्हते. ते पुण्यकर्म गर्दीतल्या कोण्या वाचकाने नेमके तेव्हाच केले. धाकूचा घास हातातच राहिला. डोळे भरून तो म्हणाला, "भिवा, माझं काय चुकलं रं?" भिवाने त्यास छातीशी धरले. मोहन्याच्या आखाड्यातील पहिली मिठी ती हीच, आणि तिला कोणताही डाव म्हणता येत नव्हता.

त्यानंतर मला जे कळले ते आपणांस अर्थातच ठाऊक असणार, आणि मागील पत्रास आपण उत्तर धाडले असते तर मलाही ठाऊक असते. एका वस्तादाचे पठ्ठे हे गुरुबंधू; ते तालमीत हवे तितके लढतील, पण चारचौघांत, निकाली कुस्तीत, मान तुटली तरी नाही. म्हणजे ज्या साम्यासाठी मी इतकी सुतळी झिजविली, त्या साम्यानेच जोड मोडली! लोक ओरडू लागले, ढेकळे येऊ लागली, भाऊ अध्यक्षपद सोडून गाडीत जाऊन बसले. मामलेदारसाहेबांनी घड्याळ काढले.

(आता दंड थांबून बैठका सुरू झाल्या आहेत. दौत मी मांडीवर घेतली आहे.)

मी वस्तादांस विनविले. ते म्हणाले की दोघांपैकी एकाने दुसऱ्या वस्तादाचा गंडा बांधून घेतला तर तालमी दोन होतील आणि कुस्तीस हरकत उरणार नाही. भिवास द्यावयास ते स्वतः राजी होते. (राजी का होते, हे भिवा प्रथम जेवावयास बसला तेव्हा आमच्या कुटुंबास समजले.) पण दुसरा वस्ताद आणावा कोठून? मामा, एक ढेकूळ माझ्या पगडीस लागले आणि तोंडातून शब्द निघून गेला की मी आहे. गंड्यास दोरा नव्हता. मापाची सुतळीच भिवाच्या मनगटास बांधली. त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले. लोकांनी माझ्या नावाचा जयघोष केला आणि मला, खोटे कशास सांगू, फार बरे वाटले.

ते बरे वाटणे गोविंदा वस्तादांनी घसा खाकरेपर्यंत टिकले. या बाजूचा रिवाज असा की नवी तालीम प्रथम आखाड्यात आली की आधी तिच्या वस्तादाने जुन्या वस्तादाशी कुस्तीचा हात करावा, मग पठ्ठ्यांनी. तोवर दिवस मावळला होता, म्हणून हे सर्व हनुमानजयंतीवर गेले. मी उतरलो नाही तर मला थोडी नाचक्की सोसावी लागेल, ती सोशीन. परंतु ज्याचा वस्ताद उतरत नाही त्या पठ्ठ्यास कोणत्याही आखाड्यात कोणी हात देत नाही, आणि जुनी तालीम तर भिवाने माझ्यासाठी सोडली. आता तो आमच्या ओसरीवरच राहतो, पण हे मला बोलून दाखवीत नाही. नुसता पहाटे उठून माझ्या अंगाला तेल लावावयास येतो आणि माझे दंड पाहून मान खाली घालतो.

असो. मामींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ आहे तो वाढावा, निदान हनुमानजयंतीपर्यंत घटू नये.

आपला आज्ञाधारक,
श्रीपाद

ताजा कलम : पत्राचे खरे कारण राहिलेच. चैत्र शुद्ध द्वादशीस आपण अत्यवस्थ असल्याची तार मला करावी. आजार आपल्या पसंतीचा निवडावा; दमा असल्यास खोटेपणाचा दोषही अर्धाच लागेल. वडीलधाऱ्याच्या आजारापुढे रिवाजही थांबतो, आणि त्यात भिवास कमीपणा येत नाही.

ताजा कलम दुसरा : पत्र टाकावयाचे राहिले ते बरे झाले. तारेची पूर्वतयारी म्हणून काल भिवास म्हटले की मामांचे काही खरे दिसत नाही. तो बैठक अर्धी सोडून उठला. "गुरुजी, तुमचे मामा ते माझे आजे. मी बी येनार," म्हणाला, आणि तडक ठाण्यास गेला. आज निरोप घेऊन परतला. धाकूही साताऱ्यास येणार आहे, कारण भिवाचा आजा तो त्याचाही आजा. गोविंदा वस्तादही येणार आहेत. दमेकऱ्याची छाती कोपराने चोळून मोकळी करण्यात त्यांचा हातखंडा आहे म्हणे.

तेव्हा तार हे पत्र पोहोचताच करावी, आणि आपण ठणठणीत असल्याची करावी. धाप लागत असली तरीही तसेच लिहावे. मी आखाड्यात उतरतो. आखाड्याची माती लोण्यासारखी मऊ असते, असे माझ्या लहानपणी आपण सांगत असा. ते खरे होते काय, एवढे मात्र उलटटपाली खरे खरे कळवावे.