सामान बघायला कोण?

आई, तू गेल्याला इतकी वर्षं झाली आणि आज तुझ्याशी भांडायला बसलेय. मागच्या आठवड्यात मी क्रूझनं गोव्याला जाऊन आले. हो, पोलिओचा पाय घेऊन, व्हीलचेअरवर. भाऊ आणि वहिनी सोबत होते, पण सहल माझी, हौस माझी. बुकिंगवालीनं फोनवर छातीठोक सांगितलं होतं, 'मॅडम, सगळीकडे रॅम्प आहे.' होता ना, जेवणाच्या हॉलपर्यंत! गोव्यात उतरायला मात्र बाहेरून लावलेला लोखंडी जिना. तिथला अधिकारी माझ्याकडे न बघता भावाला विचारतो, 'पेशंट को ऊपर ही रखेंगे ना?' मी म्हटलं, 'पेशंट कोण? मी पॅसेंजर आहे.' तो नुसता हसला. आणि तुझा लाडका लेक माझ्या मांडीवर बॅगा ठेवत म्हणतो, 'ताई, तू बस ना आरामात. सामान बघ. आम्ही आलोच.'

माझं डोकंच फिरलं. कारण हे वाक्य तुझं आहे. घाटकोपरच्या आपल्या चाळीची सहल घारापुरीला गेली, सगळे लेणी बघायला वर निघाले, तेव्हा मला धक्क्यावर बसवून तू म्हणालीस, 'तू हयसर बस गो, सामान बघ. आमी इलोच.' जुहूला तेच, लग्नाकार्यात तेच. डबे, थर्मास, चपला आणि मी. तुला वाटायचं, पोरीला काम दिलं की तिला वाईट वाटणार नाही. वाटायचं गं! मी काय कुलूप होते? मला उचलून तुझी कंबर मोडली असती, कबूल. पण एकदा तरी विचारायचंस, 'तुला यायचंय का?' तू विचारलं नाहीस, आणि तुझं बघून घरात कोणीच विचारायला शिकलं नाही.

मी बॅगा वहिनीच्या हातात कोंबल्या, खुर्चीतून खाली सरकले आणि आता राहते त्या मुलुंडच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली की उतरते तशी, बसून, एकेक पायरी उतरायला लागले. वहिनी कुजबुजतेय, 'ताई, लोक बघतायत हो!' मी म्हटलं, 'बघू देत, तिकीट काढून आलेत.' मागे सगळी रांग खोळंबली. भाऊ लालबुंद होऊन माझी खुर्ची उचलून आणतोय. ड्रेसची पार वाट लागली. खाली होतं काय, तर पत्र्याची शेड, टॅक्सीवाले आणि एक शहाळेवाला. शहाळं पाणचट निघालं, तरी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. परत वर न्यायला मात्र जहाजाची चार माणसं निमूट धावत आली. म्हणजे आधीही येऊ शकत होती!

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. उतरताना अर्ध्यावर जिना हलला, फटीतून खालचं पाणी दिसलं आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरला. तुझ्यावर इतकी चिडलेली असूनही तोंडातून 'आई गं'च निघालं.