उक्त्याचं ऑपरेशन

सोलापूर, ४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अप्पांना सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला एक सांगावं तर दुसरंच ऐकू जातं, म्हणून मल्लेशच्या दुधाच्या गाडीबरोबर चिठ्ठी देते आहे. अव्वाचं ऑपरेशन काल नीट झालं. पित्ताशय खड्यांसकट काढलं. शुद्धीवर आल्याबरोबर तिने म्हशीला पेंड घातली का, असं विचारलं, त्यावरून काय ते समजा.

खर्चाचं तुम्ही विचारलंत. आपल्याला काही भरायचं नाही. सरकारी योजनेत दवाखान्याला या ऑपरेशनचे ठरलेले पैसे मिळतात, त्याला पॅकेज म्हणतात. औषधं, खाट, जेवण सगळं त्यातच. पेशंट तीन दिवस राहिला काय नि दहा दिवस राहिला काय, आकडा तोच. शेजारच्या खाटेवरच्या शाइस्ताभाभी स्वतःच्या खर्चाने आहेत. त्यांचं बिल कापसाच्या बोळ्यापासून रोजच्या रोज चढतं. दवाखान्यातल्या योजनेच्या टेबलावर बसून मी रोज हेच कागद करते, पण आपलं माणूस खाटेवर असलं की ते वेगळे दिसतात. अव्वाला शुक्रवारी सोडणार म्हणतात आणि भाभींना अजून आठवडाभर ठेवणार आहेत. माझ्या मनाला उगीच घोर लागला आहे.

उद्या येऊन तिला भेटून जा. तुमची माया आहेच, ती कमी होऊ देऊ नये.

आपली
सृष्टी

*

मंद्रूप, ५ फेब्रुवारी

चि. सृष्टीस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

दुपारी तुझ्या आईला भेटून आलो. तुझ्या टेबलापुढे ही रांग, म्हणून लांबूनच हात करून एसटी गाठली. तू लेक कमी आणि साहेबीण जास्त दिसत होतीस.

तुझं पॅकेज मला एका वाचनात कळलं. आपण कांदाकाढणी उक्ती देतो, सगळ्या रानाची एकच ठरलेली रक्कम, तेच की हे. रोजाच्या बाया चहालाच तास लावतात, आणि उक्त्याची टोळी घाईघाईने रान सोडते, कांदा तसाच मातीत. म्हणून तुझा घोर उगीच आहे असं मी म्हणणार नाही.

अव्वालाही मी असंच समजावलं. उक्त्यात काम लांबलं की नुकसान टोळीच्या मुकादमाच्या अंगावर, असं सांगितलं. त्यावर ती बराच वेळ काहीतरी विचारत होती. वॉर्डात गलका, त्यात माझे हे कान. मी आपली मान हलवली. मग ती गप्पच पडली. थकली असेल.

जिवाला जप. लोभ कायम असू दे.

तुझा
अप्पा

*

सोलापूर, ६ फेब्रुवारी

तीर्थरूप अप्पांना शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी अव्वाचं तोंड पुसताना माझ्या हाताला चटका बसला, इतकं अंग तापलं होतं. तासाभराने नर्सबाईंनी ताप मोजला तर काहीच नाही. तक्त्यावर एकदाही ताप नाही. डॉक्टरांनी तोच तक्ता माझ्यापुढे धरला आणि उद्या घरी न्यायला हरकत नाही म्हणाले. माझा विश्वास बसत नाही. त्यांना खाट मोकळी करायची घाई आहे, दुसरं काय.

सोडताना पेशंटचा समाधानपत्रावर अंगठा लागतो. त्याशिवाय इथे दवाखान्याचे पैसे सुटत नाहीत, आणि तो अंगठा घेणं माझंच काम. मॅनेजरसाहेबांनी अव्वाचा कागद सकाळीच पुढ्यात ठेवला. नाही घेतला तर नोकरीवर येईल. अव्वाला विचारावं, तर तुम्ही गेल्यापासून तिचं एकच टुमणं, मी बरी हाय, मला घरी सोडा. मी काय करू ते कळवा. मला फार भीती वाटते.

आपली
सृष्टी

*

मंद्रूप, ६ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. सृष्टीस आशीर्वाद.

अंगठा घेऊ नकोस. उरलेले दिवस आम्ही शाइस्ताभाभींसारखे रोजाने भरतो म्हणावं, पण तिला ठेवा. नोकरीचं पुढे बघू. मला जेवण गेलं नाही. उद्याच निघालो असतो, पण म्हैस व्यायला टेकली आहे आणि घरात दुसरं कोणी नाही.

अप्पा

*

सोलापूर, ७ फेब्रुवारी

तीर्थरूप अप्पांना शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा. अव्वाला घरी सोडलेलं नाही आणि ती सावध आहे.

योजनेच्या पेशंटकडून वरचे पैसे घेता येत नाहीत, म्हणून तुमचं म्हणणं चाललं नसतं. पण ती वेळच आली नाही. सकाळी उशीचा अभ्रा बदलताना तापाच्या गोळ्यांचं पाकीट खाली पडलं. भाभींकडून डोकं दुखतं म्हणून मागून घेतलेलं. नर्सबाई यायच्या आधी तासभर अव्वा गुपचूप एक गोळी गिळत होती.

मी भर वॉर्डात तिच्यावर ओरडले. तेव्हा रडत तिने सांगितलं. तिचा समज असा की कागद मी केले, म्हणजे या उक्त्याची मुकादम मी. दिवस वाढले तर माझ्या पगारातून कापणार. नुकसान पोरीच्या अंगावर येणार का, असं तिने तुम्हाला तीनदा विचारलं होतं, आणि तुम्ही मान हलवलीत.

गोळ्यांचं कळताच डॉक्टरांनी सुट्टी रद्द केली. सोनोग्राफीत आत पू साठलेला दिसला. दुपारी नळी घालून तो काढला. आणखी आठ दिवस ठेवणार, त्याच पॅकेजात. मी या डॉक्टरांना मनातल्या मनात चोर ठरवून बसले होते, त्याची लाज वाटते. त्यांनी तक्ता बघितला, अंगाला हात लावून बघितलं नाही, हेही तितकंच खरं. तुमच्यावर रागावले आहे, पण किती ते माझं मलाच कळत नाही.

आपली
सृष्टी

*

मंद्रूप, ८ फेब्रुवारी

चि. सृष्टीस आशीर्वाद.

चिठ्ठी दोनदा वाचली. पिठाच्या गिरणीत माझे कान गेले, त्याला बारा वर्षं झाली. घरात ती बोलते आणि मी मान हलवतो. सारखं काय म्हणालीस, काय म्हणालीस करून तिला त्रास नको, असं मी सांगत आलो. खरं म्हणजे मला लाज वाटायची. या बारा वर्षांत तिने मला आणखी काय काय विचारलं असेल, आणि मी कशाकशाला हो म्हणून बसलो असेन, ते आता कोणाला विचारू?

उद्या येतो. मल्लेशची आई म्हशीकडे बघेल. अव्वाला लिहिता येत नाही आणि मला ऐकू येत नाही, तेव्हा घटकाभर टेबल सोडून तू आमच्या मधे बस. ती विचारेल ते कागदावर लिहून माझ्या हातात दे. वाचल्याशिवाय मी मान हलवणार नाही.

दोघींनी माया पातळ होऊ देऊ नये, एवढंच मागणं.

तुझा
अप्पा