डुगडुग

४ मार्च

शिक्षिकाबाईंची खुर्ची परत आली! हे पुन्हा पाय तासून देतात आणि पुन्हा स्वतःच म्हणतात, डुगडुगतेय. "काका, आता बसले की हनुवटी टेबलाला टेकते हो!" बाई हसून म्हणाल्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माकडाने लोणी वाटलं तशी गत! जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. असा कधी चुकला नाही.

५ मार्च

डुगडुगणं हा आमच्या घरातला लाडका शब्द. नातीचा दात डुगडुगतो. जावयाची नोकरी डुगडुगते. माझं स्वयंपाकाचं टेबल तर किती वर्षं डुगडुगतंय — सुताराची बायको ना मी! राज्यं डळमळतात, मोठमोठी माणसं डगमगतात. डुगडुगतं ते आपलं घरगुती. पायाखाली कागदाची घडी सरकवली की गप्प.

७ मार्च

हे अंघोळीला गेल्यावर मी खाली कामाच्या खोलीत गेले. खुर्ची दाराजवळ सपाट फरशीवर ठेवली, वर पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं. चारी कोपरे दाबून पाहिले. थेंब सांडला नाही!

तेवढ्यात हे आले. खुर्चीवर तळवा टेकून म्हणाले, "बघ, डुगडुगतेय." माझं लक्ष दुसऱ्या हाताकडे. दाराची चौकट घट्ट धरलेली, बोटं पांढरी पडलेली.

देवा! खुर्ची नाही गं, हे डुगडुगतायत.

माणसाच्या पायाखाली कागद कुठे घालायचा?

८ मार्च

सांगू कशी? काम सोडा म्हटलं तर जेवण सोडतील. करवत चालवू दिली तर बोटं जातील. इकडे आड, तिकडे विहीर.

९ मार्च

चक्क खोटं बोलले. "अहो, मला सारखं गरगरतंय. डॉक्टरकडे याल का सोबत?" एकदा तिथे नेलं की यांनाही तपासून घ्यायचं, हा माझा डाव. लगेच शर्ट बदलला. जिना उतरताना माझा दंड धरला — म्हणे, तू पडशील! मी धरू दिला.

दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "डॉक्टर, हिला काही झालेलं नाही. मला तपासा." सगळं ठाऊक होतं! कधीपासून तोल जातोय, खुर्चीवर ढकलत होते. "हिला सांगितलं असतं तर रडत बसली असती."

रडलेच मी. तिथेच, सगळ्यांसमोर.

कानाच्या आत तोल सांभाळणारं काहीतरी असतं, ते बिघडलंय. व्यायामाने फरक पडेल. पूर्ण बरं होईल का? डॉक्टर म्हणाले, आत्ताच सांगता येत नाही. तोवर करवतीला हात लावायचा नाही.

१२ मार्च

भिंतीला धरून व्यायाम करतात. मग खाली जातात, रंधा पुसतात, वर येतात. आज म्हणाले, "हात गेलेला सुतार म्हणजे काय गं?"

चिडलेच. "हात कुठे गेलाय? तोल गेलाय! नजर शाबूत आहे. जीभ तर चांगलीच शाबूत आहे!" बोलले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. फार जीव तुटतो.

१३ मार्च

दिवसभर खालीच. कसला तरी विचार चाललाय.

१४ मार्च

सकाळी खालून हाक. "अगं ए, पदर खोचून ये!" स्टुलावर बसून होते, समोर फळीवर पेन्सिलीची रेघ मारलेली. करवत माझ्या हातात दिली. "मी सांगतो. तू काप."

कापली. वाकडी गेली. म्हणाले, "माझी पहिलीही अशीच होती."