तळापर्यंत हात

१७ जानेवारी, वणी

बाबा,

फार दिवस तुम्हाला काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. डायरी रोज लिहिते, पण तुमच्याशी बोलायचं टाळत आले. तुमच्यासमोर स्वतःचंच वाक्य मला दोनदा तपासावं लागतं. आज लिहिते आहे, कारण एक गोष्ट फक्त तुम्हालाच विचारता आली असती.

पावसाळा सरल्यापासून आपल्या घरी एक बाई येते. राजूरकडच्या एका गावातली आहे. बाजाराच्या दिवशी भाजी आणते, आता तुरीच्या शेंगा. एकदा तिनं पाणी मागितलं, आईनं तिला बसवून घेतलं, आणि तेव्हापासून माल संपला की बसची वेळ होईपर्यंत ती आईजवळ ओसरीवर बसते. आईच्या आता काही लक्षात राहत नाही. ती दर वेळी विचारते, "कोन वो तू, बाई?" ती न कंटाळता सांगते, "मी शेंगावाली, मावशी." "मंग काल काहून नाही आली?" "आलती ना! तुम्हीच तं हाकललं मले." आणि दोघी हसतात. जाताना पिशवीभर शेंगा ठेवून जाते. पैसे घेत नाही.

मला हे खटकलं. तुम्हाला खटकलं नसतं? ही वर्षंच तशी आहेत. कापसाला भाव नाही, खरेदी उशिरा सुरू होते, कुठल्या ना कुठल्या गावातून कोणा शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी येते. लोक एकमेकांना "बरं आहे ना?" विचारतात आणि उत्तर ऐकण्याऐवजी चेहरा न्याहाळत राहतात. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कोणी गोड बोललं की याला आपल्याकडून काय हवंय, हेच माझ्या मनात येतं. अशा दिवसांत जिच्या स्वतःच्या घरात कापूस पडून आहे, ती परक्या म्हातारीला शेंगा कशाला देईल? मुलाला आमच्या कॉलेजात चिकटवायचं असेल. आईच्या पाटल्यांवर डोळा असेल. एकदा ती गेल्यावर मी त्या पिशवीत तळापर्यंत हात घातला.

हे मी तुमच्याकडूनच शिकले. आठवतं, शाळेतली मी तुमचा डबा घेऊन सरकारी कापूस खरेदी केंद्रावर आले आहे. कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग फाटकाबाहेर गेली आहे. तुम्ही ग्रेडर, कापसाची प्रत तुम्ही ठरवणार, सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे. तुम्ही बाही वर सारता आणि बंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात खुपसता. वरच्या कापसाकडे तुम्ही पाहतही नाही. "वरचं तं सगळ्यायचंच चांगलं रायते," तुम्ही मला म्हणता, "अंदर हात घालून पाहा लागते." वजन वाढावं म्हणून आत पाणी मारलेलं असतं, तळाशी पिवळा, किडका कापूस दडवलेला असतो, हे मला त्या दिवशी कळतं. घरी आल्यावर तुमच्या हाताच्या केसांत अडकलेले तंतू आई एकेक करून वेचायची आणि तुम्ही तेवढा वेळ हात पुढे धरून असायचात.

माणसांनाही तुम्ही तोच हात लावायचात. मला पाहायला आलेल्या पांढरकवड्याच्या मुलाला तुम्ही विचारलंत, "तुमच्याशी बोलनं सोडलेला एखांदा दोस्त आहे का? त्याचा पत्ता द्या." बिचाऱ्यानं चहा अर्धा ठेवला. तुमच्यामुळे माझं लग्न राहिलं, असं म्हणणं मला सोयीचं आहे, पण ते खरं नाही. पुढे जे आले, त्यांना तो प्रश्न मी स्वतः विचारला.

तर ती पिशवी. तळाच्या शेंगाही वरच्यासारख्याच निघाल्या, हिरव्या, दाणा भरलेल्या. माझं समाधान व्हायला हवं होतं. मला वाटलं, मी तळ पाहते हे हिला कळलेलं दिसतं.

मागच्या महिन्यात तिचं लक्ष भिंतीवरच्या तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे गेलं. "हे साहेब म्या पाह्यले आहेत," ती म्हणाली. "लगन होऊन नवीनच आलती मी. वणी पाहाले भेटते म्हनून बंडीवर बसून आली. या साहेबानं हात घातला, न म्हने ओला आहे, खाली करा. सारी बंडी जमिनीवर. पाह्यलं तं तळापर्यंत कोरडा! मंग साहेबच खाली बसले न आपल्या हातानं भरून देऊ लागले. आमच्या घरधन्याले म्हने, चुकलं माझं. मी पदराआड हसून राह्यलती."

आई म्हणाली, "हो, तसेच होते ते." पण आई आता सगळ्यालाच हो म्हणते.

बाबा, "चुकलं माझं" हे शब्द मी तुमच्या तोंडून कधीच ऐकले नाहीत. ना आईला म्हणताना, ना मला. तो दुसराच कोणी ग्रेडर असेल. किंवा फोटो पाहून तिनं ही गोष्ट रचली असेल, आमच्याकडून काही मागायच्या आधी आम्हाला बरं वाटावं म्हणून. पुढच्या बाजाराला मी तिला सरळच विचारलं, "तुम्हाला आमच्याकडून नेमकं काय पाहिजे?"

शेंगा सोलणारे तिचे हात थांबले. "बसाले जागा, मॅडम. आमच्या गावात ज्याच्या घरी जा, तो घरधन्याचंच इचारते. जेवतेत का, झोपतेत का, एकटे तं नाही सोडले. मावशी तेवढं इचारत नाही." मग उठली. "नसन पायजे तं नाही येत." भरलेली पिशवी ओसरीवरच राहिली. हे उत्तर खरं होतं की मला लाजवण्यासाठी होतं, याचाही मी संध्याकाळभर विचार केला.

गेल्या बाजाराला ती आली नाही. आई दुपारपासून ओसरीवर बसून होती. "कोनी येनार होतं ना?"

"कोण, आई?"

"ते नाही आठवत. पन येनार होतं."

ताट तसंच राहिलं. तिला त्या बाईचं नाव आठवत नाही, तोंड आठवत नाही, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. तरी कोणीतरी आलेलं नाही, एवढं मात्र तिला बरोबर ठाऊक आहे. तेव्हापासून ती रोज विचारते.

तुम्ही खरंच तसं म्हणाला होतात का? परक्या माणसाला, भर रांगेत? मग घरी का नाही? आणि कापूस भरू लागलात तो वाईट वाटलं म्हणून, की मागची रांग खोळंबली म्हणून? बंडी निदान रिकामी करून पाहता येते. या बाईला मी कुठे रिकामं करून पाहू?

हे पत्र डायरीतच राहील. तिच्या गोष्टीवर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही, तेही इथे लिहून ठेवते. आज तिची पिशवी धुऊन वाळवली. कोणाची पिशवी रिकामी परत करू नये, म्हणून तिळाचे लाडू भरले. भरून झाल्यावर सवयीनं हात घातला, तर चांगले सगळे वर आणि फुटके तळाशी. मीच भरले होते, आणि भरताना मला कळलंही नव्हतं. सगळे काढले आणि पुन्हा भरले.

उद्या: आईला आणि पिशवी घेऊन बाजारात जाणे.