कापसाची खाज

प्रिय आचल,

हातानं लिहिलेलं पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी "बाकी ठीक" म्हणून ठेवून देते आणि तूही तेच करतेस. बहिणी शोभतो खऱ्या. दमले गं मी. काम काही फार नाही, दुकान तुझे भाऊजी पाहतात, तरी सकाळी उठतानाच दिवस संपल्यासारखा वाटतो.

संक्रांतीला हिंगणीला जाऊन आले. आईनं यंदाही कापूस घरातच भरलाय, भाव येईल म्हणून. मधली खोली छतापर्यंत. आई म्हणते, घरात कापूस म्हणजे घरात लक्ष्मी. असेल बाई लक्ष्मी, मला त्या दारावरून जातानाच अंग खाजायला लागतं. "रूपालीले कापूस बाधते," हे आपल्याकडे आरतीसारखं सगळ्यांना पाठ आहे. साठवलेल्या कापसानं खाज कोणालाही सुटते, म्हणून माझ्याकडे कोणी निराळं पाहिलं नाही. मीही नाही. मलमं लावली, कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळी केल्या, वांगं सोडलं. वांगं सोडल्याचं दुःख अजून आहे.

शेवटी मागच्या उन्हाळ्यात सेवाग्रामला कातडीच्या डॉक्टरकडे गेले. तुझ्याहून लहान पोरगी. माझे हात उलटेसुलटे करून म्हणाली, कातडी चांगली आहे, हे ओरखडे तुमच्याच नखांचे. मी कापसाचं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "ताई, कापूस माहेरी, तुम्ही आर्वीला. मग तिथं रोज खाज कशाची?" मला असा राग आला! वर तिनं मनोविकार विभागाची चिठ्ठी हातात दिली. मी काय वेडी आहे? बाहेर येऊन चिठ्ठी चुरगाळली, आणि एसटीत बसल्यावर मांडीवर ठेवून पुन्हा सरळ केली.

दोनदा त्या विभागाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा बाकावर बसले, तर शेजारी कोण असावं? आमच्या गल्लीतल्या यशोदाबाई. मी म्हटलं, कातडीच्या डॉक्टरकडे आले. त्या म्हणाल्या, मी गुडघ्याच्या. डोक्यावर मनोविकार विभागाची पाटी लटकलेली, आणि आम्ही दोघी खाली बसून खोटं बोलून राह्यलो. मग त्यांनाच हसू फुटलं. झोप लागत नाही म्हणून येतात, कधीपासूनच. आता आम्ही बरोबरच जातो.

आत पहिल्या दिवशी मी तिथल्या डॉक्टर मॅडमशी फक्त उन्हाबद्दल बोलले. जे नंतर निघालं ते तुला एकदाच लिहिते, पुन्हा लिहायला लावू नकोस. नत्थूकाकाजी. बाबांचे चुलतभाऊ, आपल्याकडेच राहायचे, आठवतात ना? वेचलेला कापूस खोलीत दाबून बसावा म्हणून आपल्याला तुडवायला बोलवायचे. आपण पोरं उड्या मारायचो. मग ते बाकीच्यांना अंगणात पाठवायचे आणि मला ठेवून घेऊन दार लोटायचे. मी तिसरीत होते. त्यांनी काय केलं ते लिहायला हात चालत नाही, तू समजून घे. नंतर माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे.

आचल, मी ते खायचे. एवढ्यावरून मी स्वतःला कायमचं निकालात काढलं होतं. आपल्याच पायानं जात होतो, आपल्याच तोंडानं खात होतो, ओरडलो नाही, म्हणजे आपणच तशा. लग्नानंतर तुझ्या भाऊजींनी नुसता खांद्यावर हात ठेवला तरी मी दचकायचे आणि वर त्यांच्यावरच चिडायचे. मॅडमना सांगितलं, माझंही चुकलंच. त्या म्हणाल्या, "तुमच्या गल्लीतली तिसरीतली पोर हे सांगत आली, तर तिला म्हणाल का, तुझं चुकलं?" आर्वीपर्यंत एसटीत रडत आले, कंडक्टरनं गुपचूप तिकीट फाडून दिलं.

खाज गेली का, विचारशील. गेली नाही, कमी झाली. महिन्यातून दोनदा जाते, पूर्ण दिवस मोडतो, आल्यावर पायात जीव राहत नाही. पण परवा वांग्याची भाजी केली आणि पोटभर खाल्ली. भाऊजींना अर्धं सांगितलं. पुढच्या वेळी ते डेपोपर्यंत सोडायला आले. आईला सांगितलेलं नाही. काकाजींच्या फोटोला ती अजून हार घालते. संक्रांतीला मलाच घालायला सांगत होती, मी पहिल्यांदा नाही म्हटलं आणि अंगणात जाऊन बसले.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. मागच्या रविवारी फोनवर तू हसत हसत म्हणालीस, थंडीपासून अंगाला खाज सुटलीय, तिसरं मलम झालं, "आपल्या घरचा कापूस पुण्यापर्यंत आला वाटते." मीही हसले. फोन ठेवला आणि तिथंच खाली बसले. तुझ्या चौथ्या मजल्यावर कापूस कुठला, आचल? दहावीनंतर मी वर्ध्याला वसतिगृहात गेले, तेव्हा कापूस तुडवायला घरात एकच पोरगी उरली होती. माझा अंदाज खोटा असला तर पत्र फाडून टाकजो आणि मले खुशाल हसजो. खरा असला तर मला काहीच सांगू नकोस, मनाच्या डॉक्टरला सांग. तिथं पुण्यात शोध, नाहीतर इकडे ये. हिंगणीला जायचं नाही, सरळ आर्वीला येजो. आत तुला एकटीलाच जावं लागेल, पण बाहेरच्या बाकावर मी असेन. एसटीत रुमाल टाकून धरतो तशी तुझी जागा मी धरून ठेवली आहे. आणि एवढं वाचून ठेव, मला हे कोणी वेळेवर सांगितलं नाही: तू काही केलं नव्हतंस.

तुझीच, बाकावर थोडी सरकून बसलेली,
रूपाताई