करवंटीचा डोळा

मंगळवार, दिवेलागण

बदलापूरहून नणंदेचा फोन आला, लोणचं खारट झालंय. "वहिनी, तू सांगितलंस तेवढेच ग्रॅम घातले गं." पाच किलो कैऱ्या. आता?

चूक कुठे झाली? काटा नवा आहे, कॅम्प दोनच्या बाजारातून आणलेला. आई, म्हणजे सासूबाई, लोणच्याचं मीठ नारळाच्या करवंटीनेच मोजतात, किलोभर कैऱ्यांना एक करवंटी. नणंदेला ते वजनात हवं होतं. मी आईंचीच करवंटी घेतली, पिशवीतलं मीठ भरलं, तोललं. एकशे नव्वद ग्रॅम. करवंटीच्या डोळ्यातून मीठ गळत होतं, म्हणून खालून चिकटपट्टी लावली, एवढंच.

आज त्याच करवंटीत आईंच्या बरणीतलं खडेमीठ भरून तोललं. दीडशे. करवंटी तीच, तशीच काठोकाठ, मग चाळीस ग्रॅम गेले कुठे? खड्यांच्या मधे फटी राहतात, पिशवीतल्या बारीक मिठात नाहीत, हे सुचायला मला अख्खा कप चहा लागला.

आईंना सांगायला गेले, तर त्या करवंटी उलटी करून बघत होत्या.

"ही पट्टी कशाला लावलीस गो?"

"मीठ गळत होतं."

"आमचा कदी गलला नाय."

त्यांनी पट्टी काढली. खडेमीठ भरून करवंटी उचलली. एकही खडा पडला नाही.

नणंदेला कळवलं, आणखी कैऱ्या चिरून घाल. पण माझं लक्ष त्या डोळ्यावरच. चुकीचं मीठ करवंटी आपणहून बाहेर टाकत होती. तिला गप्प केलं मीच.